ओरिजिनल आहे ना?

मोटारीचा कुठलाही भाग बदलायची वेळ आली की मराठी माणूस एकच प्रश्न विचारतो: ‘ओरिजिनल आहे ना?’ विचारणाऱ्याला त्या भागाचं नाव माहीत नसलं तरी चालतं, काम माहीत नसलं तरी चालतं, तो गाडीच्या पुढे बसतो की मागे हे ठाऊक नसलं तरीही बिघडत नाही. प्रश्न मात्र ठसक्यात विचारायचा, आणि विचारताना चष्मा कपाळावर सरकवून खोक्यावरची बारीक अक्षरं वाचल्यासारखं करायचं. दुकानदाराचं उत्तरही ठरलेलं असतं. ‘साहेब, एकदम कंपनीचा माल!’ कुठल्या कंपनीचा, हे साहेब विचारत नाहीत. आणि दुकानदारही खोटं बोलत नाही, कारण कुठल्या ना कुठल्या कंपनीने तो बनवलेला असतोच. पुण्याच्या नाना पेठेत हा संवाद होतो, मुंबईत ऑपेरा हाउसच्या आसपास होतो, दिल्लीच्या काश्मिरी गेटला हिंदीतून होतो, आणि हॉर्न, वायपर, आरसा असल्या मालापुरता तो निभावूनही जातो. हॉर्न डुप्लिकेट निघाला तर फार तर वाजणार नाही, आणि आपल्या रस्त्यांवर एक हॉर्न कमी वाजला म्हणून कोणाचं काही अडल्याचं ऐकिवात नाही. पण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खोलून पुन्हा भरायचा असेल, तर हाच प्रश्न नुसता निरुपयोगी नाही, चांगलाच महागात पडणारा आहे, असं माझं म्हणणं आहे. तिथे विचारायचा प्रश्न निराळाच असतो: हा भाग उद्या गेला, तर त्याच्यापर्यंत पोचायला पुन्हा काय काय उतरवावं लागेल?

म्हणणं हवेत राहू नये म्हणून एक खराखुरा गिअरबॉक्स समोर घेऊ. जनरल मोटर्सचा ४एल६०-ई. १९८२ मध्ये ७००आर४ या नावाने आलेल्या गिअरबॉक्सचा हा इलेक्ट्रॉनिक वारस १९९३ पासून शेव्हरलेच्या पिकअप ट्रकांत, टाहोत, कॅमारोत, अगदी कॉर्व्हेटमध्येही बसला, आणि अमेरिकेतल्या गिअरबॉक्स-मिस्त्रींच्या पोरांची शिक्षणं त्याच्यावर झाली असावीत इतका तो त्यांच्या टेबलावर येत राहिला. पुढचे चार गिअर, लांबीच्या दिशेने बसणारा, ताकदीच्या उतरंडीत साठावर आणि इलेक्ट्रॉनिक, एवढा बायोडेटा नावातच. आत काय आहे? पुढे टॉर्क कन्व्हर्टर, मग ऑइलचा पंप, मग एकात एक बसलेले ड्रम, त्यांच्या मागे प्लॅनेटरी गिअर, आणि खाली व्हॉल्व्ह बॉडी नावाचा ॲल्युमिनियमचा भुलभुलैया. गंमत अशी की यातले गिअर बदलताना गिअर जागचे हलत नाहीत. दाते दात्यांत कायमचे अडकलेलेच असतात; कुठला ड्रम धरून ठेवायचा आणि कुठला मोकळा सोडायचा एवढंच बदलतं, आणि ते धरणं-सोडणं करतात क्लच प्लेटा. या प्लेटांवरचं अस्तर म्हणजे राळ पाजलेला एक प्रकारचा कागद. दोन टनांचा ट्रक कागदावर चालतो! कागदावर चालणाऱ्या गोष्टींचा आपल्याला सरकारी कचेऱ्यांमुळे बराच अनुभव आहे; फरक इतकाच की हा कागद खरोखर काम करतो. त्या प्लेटांना दाबणाऱ्या पिस्टनच्या कडेला असतं रबरी सील. तेव्हा या सगळ्या लोखंडी थाटात दगावतं काय, तर बहुतेक वेळा कागद आणि रबर. लोखंड नुसतं साक्षीला असतं.

आता मरणाचा क्रम बघा. वर्षानुवर्षं गरम तेलात बसून सीलची ओठासारखी कड कडक होते. कडक झालेली कड ड्रमला नीट टेकत नाही, तिथून ऑइल निसटतं, पिस्टनमागचा दाब कमी पडतो, प्लेटा घट्ट धरल्या जात नाहीत आणि घसरतात. घसरल्या की तापतात, तापल्या की कागद जळतो, जळक्या कागदाचा बुक्का ऑइलमध्ये मिसळतो आणि ते ऑइल सगळ्या व्हॉल्व्हांतून प्रसाद वाटत फिरतं. ४एल६०-ईमध्ये तिसऱ्या-चौथ्या गिअरच्या प्लेटा अशा जळण्यासाठी प्रसिद्ध आहेत. गिअरबॉक्स खोलला की त्या कोळशासारख्या काळ्या निघतात, आणि मालकाचा संताप साहजिकच त्यांच्यावर निघतो. ‘प्लेटा हलक्या होत्या, या वेळी चांगल्यातल्या टाका!’ खुनाच्या जागी प्रेत सापडलं म्हणून प्रेतालाच अटक करावी, तसा हा न्याय आहे. मग भारीतल्या प्लेटा येतात आणि त्यांच्यामागे, पैसे संपत आलेले असल्यामुळे, स्वस्तातल्या किटमधलं सील बसतं. त्या सीलपर्यंत पुन्हा पोचायचं तर गाडी वर घ्या, प्रोपेलर शाफ्ट काढा, ऑइलचे पाइप सोडा, वायरिंग सोडा, कन्व्हर्टरचे बोल्ट काढा, सत्तर किलोंच्या आसपासचं धूड जॅकवर तोलत खाली आणा, पंप ओढून काढा, एक ड्रम काढा, दुसरा काढा, सर्कलिप काढा, प्लेटांची चळत उपसा, जाडजूड स्प्रिंग दाबून धरायची अवजारं लावा. मग पिस्टन दिसतो, आणि त्याच्या कडेला ते दोन-चार डॉलरचं रबर. नव्या फ्लॅटमध्ये लोक नळ इटलीचा घेतात आणि टाइल्सच्या मागे, भिंतीत गाडला जाणारा पाइप मात्र प्लंबरच्या मेहुण्याकडून घेतात, त्यातलीच ही तऱ्हा. दिसतं त्यावर खर्च करायचा आणि जे गाडून टाकायचं आहे त्यावर वाचवायचं. वास्तविक, भाग जितका आत आणि जितका स्वस्त, तितकी त्याची निवड जास्त चोखंदळपणे व्हायला हवी, कारण त्याची खरी किंमत पाकिटावर छापलेली नसते. ती मजुरीत दडलेली असते आणि दुसऱ्यांदा वसूल होते.

यावर पहिला आक्षेप येणार, तो आपल्या लाडक्या शब्दाच्या बाजूने. ‘म्हणूनच तर म्हणतो, सगळं ओरिजिनल टाका, कटकटच नको.’ पण ओरिजिनल म्हणजे नेमकं कोणाचं? गाडी बनवणारी कंपनी सगळेच भाग काही स्वतः बनवत नाही. क्लच प्लेटा बोर्गवॉर्नरसारखे किंवा जपानच्या एनएसके-वॉर्नर, डायनॅक्ससारखे कारखाने बनवतात आणि त्या निरनिराळ्या गाड्यांच्या पोटात जातात. मग एकाच धर्तीचा माल कधी गाडीवाल्या कंपनीच्या खोक्यातून येतो, कधी बनवणाऱ्याच्या स्वतःच्या खोक्यातून येतो, आणि दोन्ही खोक्यांच्या किमतीतला फरक हा खोक्याचाच असतो. उलट बाजूने, हुबेहूब खोकं छापणं हा आता स्वतंत्र कुटिरोद्योग झालेला आहे. डुप्लिकेटवाला हॉलोग्रामवर जेवढी मेहनत घेतो तेवढी मालावर घेता तर त्याला डुप्लिकेट करायची गरजच उरली नसती. आणि ओरिजिनलपणाची सगळ्यात मोठी फजिती तर खुद्द जनरल मोटर्सने करून ठेवलेली आहे. जगातला पहिला मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स म्हणजे त्यांचा हायड्रामॅटिक. तो १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिलमध्ये आला. हे हायड्रामॅटिक मिशिगनमधल्या लिव्होनिया इथल्या कारखान्यात बनत असत. १२ ऑगस्ट १९५३ रोजी तिथे कटिंगच्या कामाची ठिणगी उडाली आणि अख्खा कारखाना जळून गेला. गाड्यांचं उत्पादन तर थांबवता येईना. तेव्हा कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबिलमध्ये ब्यूइकचा डायनाफ्लो बसवला गेला, पॉन्टिॲकमध्ये शेव्हरलेचा पॉवरग्लाइड. हजारो श्रीमंतांनी कॅडिलॅकचे पैसे मोजून ब्यूइकचा गिअरबॉक्स घरी नेला, तोही कंपनीतूनच, पावतीसकट. आज अशी एखादी १९५३ ची कॅडिलॅक कोणी हौसेने दुरुस्त करायला काढली, तर तिच्यात ओरिजिनल काय टाकायचं? कॅडिलॅकचं ते तिच्यासाठी डुप्लिकेट आणि ब्यूइकचं ते ओरिजिनल!

बरं, खोक्याचा घोळ मिटला आणि अस्सल भागच हाती आला असं धरून चालू. तरी प्रश्न सुटत नाही, कारण कधी कधी रोग ओरिजिनलमध्येच असतो. ४एल६०-ईमध्ये सन शेल नावाचा एक भाग आहे. पत्र्याची मोठी वाटी, तिच्या मधोमध सन गिअर बसतो. या वाटीच्या मानेशी तडा जाऊन ती तुटते, आणि तुटली की दुसरा गिअर, चौथा गिअर आणि रिव्हर्स हे तिघे एकदम रजेवर जातात. पहिला आणि तिसरा चालू राहतात, त्यामुळे माणूस घरापर्यंत पोचतो, गाडी नाकासमोर भिंतीला लावून निवांत झोपतो, आणि रिव्हर्स गेल्याचं त्याला सकाळी ऑफिसला निघताना कळतं. आता इथे अगदी हट्टाने जुन्या पद्धतीची ओरिजिनल वाटी बसवणं म्हणजे तोच तडा नव्याने विकत घेणं आहे. बाहेरच्या कंपन्यांनी जास्त जाड, उष्णोपचार करून कडक केलेल्या वाट्या बाजारात आणल्या आहेत, आणि शहाणा मिस्त्री त्याच टाकतो, कारण ही वाटी सगळ्यात आत, ड्रमांच्याही मागे बसते. तिथे पुन्हा जायची कोणाचीच इच्छा नसते. म्हणजे माझ्या प्रश्नाने उत्तर बरोबर दिलं, ‘ओरिजिनल आहे ना’ने चूक दिलं. त्याच्यापुढची पायरी आणखी मजेदार आहे. या गिअरबॉक्सचा पी१८७० नावाचा एक बदनाम फॉल्ट कोड आहे. त्याचा अर्थ, आत काहीतरी घसरतंय. लोक आधी सोलेनॉइड बदलतात, मग कन्व्हर्टर बदलतात, मग मिस्त्री बदलतात. दोषी बऱ्याचदा असतं ते व्हॉल्व्ह बॉडीतलं एक भोक. कन्व्हर्टरचा क्लच सांभाळणारा व्हॉल्व्ह त्यात सतत थरथरत राहतो आणि ॲल्युमिनियम झिजून भोक मोठं होतं. आता भोक काही कुठल्या दुकानात मिळत नाही. मग ते रीमरने नेमकं मोठं करायचं आणि सोनॅक्ससारख्या कंपनीचा जाड व्हॉल्व्ह त्यात बसवायचा. ओरिजिनल व्हॉल्व्ह घेतला तर तो मोठ्या झालेल्या भोकात पूर्वीपेक्षाही प्रामाणिकपणे थरथरेल.

इथे दुसरा आक्षेपवाला हात वर करतो. तो आपल्यातला दुसरा नमुना. त्याला ओरिजिनल नको, त्याला सगळ्यात भारी हवं. ‘रेसिंगवाल्या प्लेटा टाका, दोन जास्तच टाका, ऑइलचा दाब वाढवा, पैशाचा विचार करू नका.’ गिऱ्हाईक पैशाचा विचार करू नका म्हणतं तेव्हा तो विचार मिस्त्रीला करावा लागतो. भारी भाग हा एकट्याने भारी नसतो. निळ्या, लाल अशा रंगांत मिळणाऱ्या ताकदवान प्लेटा ऑइलच्या बाबतीत आणि दाबाच्या बाबतीत आपापल्या आवडीनिवडी घेऊन येतात. जास्त प्लेटा कोंबायच्या तर ड्रमची खोली तेवढीच असल्याने मधल्या स्टीलच्या प्लेटा पातळ घ्याव्या लागतात. आणि ती स्टीलची प्लेट तर उष्णता शोषून घेणारी असते. ती पातळ केली की प्लेटा संख्येने वाढतात आणि तापतातही लवकर. दुसरी विसंगती याहून सुंदर आहे. गिऱ्हाइकाला गिअर बदललेला कळताही कामा नये, इतका मुलायम हवा असतो. पण मुलायम याचा अर्थ प्लेटा थोडा वेळ घसरत घसरत धरतात. गाडीवाल्या कंपनीने बसल्या माणसाच्या पोटातलं पाणी हलू नये म्हणून ती घसरण मुद्दाम ठेवलेली असते. तिचं बिल प्लेटा भरतात. ट्रान्सगोसारख्या कंपन्यांची शिफ्ट किटं नेमकं उलट करतात: भोकं मोठी करून, स्प्रिंगा बदलून गिअर चटकन पकडायला लावतात. प्लेटा जास्त टिकतात, पण प्रत्येक गिअरला हलकासा हिसका बसतो, आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी हजर: ‘एवढे पैसे घेतलेत आणि गचके मारते!’ मोटारवाल्यांमध्ये एक दंतकथा फार प्रिय आहे. १९५० च्या दशकात रोल्स-रॉइसने परवाना घेऊन हायड्रामॅटिक बनवायला घेतला, हा त्यातला खरा भाग. दंतकथेचा भाग असा की त्यांच्या कारागिरांना अमेरिकन गिअरबॉक्समधला एक भाग ओबडधोबड दिसला, त्यांनी तो आपल्या इभ्रतीला शोभेल इतका गुळगुळीत केला, आणि मग गिअरबॉक्स नीट चालेचना; तो खडबडीतपणाच कामाचा होता. गोष्ट घडली असेल-नसेल, पण ती जन्माला का आली हे प्रत्येक गिअरबॉक्सवाला सांगू शकेल.

आणि या दोन्ही पक्षांच्या यादीत जे कधीच नसतं, ते म्हणजे ऑइल. त्याला भाग कोणी मानतच नाही. ते ‘लागेल तेवढं टाकायचं’ असतं. वास्तविक हे ऑइल नुसतं वंगण नव्हे. तेच दाब पोचवतं, तेच थंड करतं, आणि प्लेटांनी किती घसरावं हेही तेच ठरवतं. हे घसरणं नेमकं राखायला एके काळी ऑटोमॅटिकच्या ऑइलमध्ये चक्क स्पर्म व्हेलचं, म्हणजे देवमाशाचं तेल घालत असत. डेट्रॉइटच्या मोटारी गिअर बदलताना गचके मारू नयेत म्हणून समुद्रातला सर्वांत अगडबंब दातवाला शिकारी कामाला जुंपला होता. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेने त्या तेलावर बंदी घातली आणि रसायनवाल्यांना त्याची जागा घेणारं काहीतरी शोधावं लागलं. म्हणजे पर्यायी माल निवडण्याची डोकेदुखी फक्त नाना पेठेत होते असं नाही. फोर्डच्या जुन्या टाइप एफ ऑइलमध्ये घसरण वाढवणारं रसायन नव्हतं, जीएमच्या डेक्सरॉनमध्ये होतं, आणि दोन्ही लालच. रंगावरून ऑइल ओळखणाऱ्यांची त्यामुळे कायमची सोय झाली. ‘महाग तेच चांगलं’ म्हणणाऱ्यांनी फोक्सवागनचं उदाहरण पाहावं. २०१३ मध्ये त्या कंपनीने जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावल्या आणि त्यांच्या सात गिअरच्या डीएसजी गिअरबॉक्समधलं सिंथेटिक ऑइल काढून साधं मिनरल ऑइल भरलं, कारण उष्ण-दमट हवेत त्या सिंथेटिक ऑइलमुळे आतल्या विजेच्या भागांत बिघाड होत होता. उंची माल काढून साधा भरायला जर्मन कंपनीने स्वतःच्या खिशातून खर्च केला! आजन्म टिकणाऱ्या ऑइलचंही तसंच. काही गाडीवाल्या कंपन्या सांगतात की गिअरबॉक्सचं ऑइल जन्मभर बदलायला नको. तोच गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला ते बदला म्हणते. जन्म कोणाचा धरायचा, गाडीचा की वॉरंटीचा, एवढाच काय तो मतभेद.

सगळ्यात वजनदार आक्षेप मात्र परवडण्याचा आहे, आणि तो हसून उडवण्यासारखा नाही. गाडीची किंमतच उतरलेली, त्यात गिअरबॉक्सला एवढा खर्च. काटकसर करायची तरी कुठे? माझं म्हणणं, लोखंडावर करा. ज्या प्लॅनेटरी गिअरने दीड-दोन लाख किलोमीटर आवाज न करता काढले, त्याने आपली परीक्षा दिलेली आहे. त्याच्या छोट्या चाकांत खेळ आहे का, दाते खरचटलेत का, हे तपासावं आणि धुऊन परत बसवावा. नवा, अनोळखी, स्वस्त गिअर टाकण्यापेक्षा हा जुना बरा. ड्रम, शाफ्ट, बाहेरचं केसिंग यांनाही तोच नियम. भंगारातून आणलेला एखादा धातूचा भाग डोळ्यांनी आणि मापाने तपासता येतो. रबर तपासता येत नाही, कागद तपासता येत नाही. ते नवंच घ्यावं आणि नावाजलेलं घ्यावं. प्लेटा बसवण्याआधी ऑइलमध्ये भिजत ठेवाव्यात, टेफ्लॉनच्या रिंगा ताणून चढवल्यावर पुन्हा मापात दाबून आणाव्यात. यातल्या कशालाच पैसे लागत नाहीत, फक्त मिस्त्रीने घाई न करणं लागतं, जे बाजारात मिळत नाही. बुश नावाची मऊ धातूची कडी बहुतेक ‘मास्टर किट’मध्येही नसते, किट बांधणाऱ्याने मास्टर हा शब्द किमतीला उद्देशून वापरलेला असतो. पण बुश झिजलं की शाफ्ट डुगडुगतो आणि नव्या रिंगांमधूनही ऑइल गळतं, म्हणून ही स्वस्त कडी माझ्या यादीत फार वर आहे. टॉर्क कन्व्हर्टर हा धातूच्या भागांतला अपवाद. तो वेल्डिंगने बंद केलेला डबा आहे, लेथवर कापल्याशिवाय आतला बुक्का दिसत नाही, आणि न दिसणारा जळका बुक्का नव्याकोऱ्या गिअरबॉक्सला जोडणं म्हणजे स्वच्छ घरात जुना उंदीर सोडणं. तीच गत रेडिएटरमधल्या ऑइल-कूलरची. तो धुतला नाही तर जुन्या गिअरबॉक्सचं पाप नव्याच्या पोटात पहिल्या दहा मिनिटांत उतरतं. गाडी चार महिन्यांत परत येते आणि मालक सगळीकडे सांगत सुटतो की रिबिल्ड केलेले गिअरबॉक्स टिकतच नाहीत.

आणखी एक शंका राहते: हे सगळं अमेरिकेतल्या ट्रकांचं, आपल्याला काय त्याचं? काही वर्षांपूर्वी ही शंका रास्त होती. आपल्याकडे ऑटोमॅटिक म्हणजे साहेबाची किंवा गुडघेदुखीवाल्याची गाडी. २०१४ मध्ये सेलेरिओतून स्वस्त एएमटी आली आणि पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकने उरलेलं काम केलं. एएमटीत मात्र गिअरबॉक्स आणि क्लच नेहमीच्या मॅन्युअलचाच. पाय दाबायचं आणि दांडा हलवायचं काम तेवढं एक यंत्र करतं, त्यामुळे तिच्या दुरुस्तीत या पुराणाचा फारसा उपयोग नाही. खरी ऑटोमॅटिक, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरवाली, सीव्हीटी किंवा दोन क्लचवाली, मात्र आता वयात येते आहे, वॉरंटीच्या बाहेर पडते आहे. तिच्यासमोर बऱ्याच सर्व्हिस सेंटरांचा पवित्रा सोपा आहे: खोलायचंच नाही, अख्खा बदलायचा. इथे निवड गिऱ्हाइकाची राहत नाही, फक्त घेरी येणं त्याच्या वाट्याला येतं. मग तो बाहेर खोलणारा माणूस शोधतो, आणि अशी माणसं आता शहराशहरांत तयार होत आहेत. त्यांच्याकडे परदेशी किटही येतं, चिनी किटही येतं, आणि कुर्ल्याच्या भंगारातून उतरवलेला गिअरबॉक्सही मिळतो. उतरवलेल्या गिअरबॉक्सबद्दल विकणारा सांगतो की गाडी मागून ठोकली गेली होती, म्हणजे पुढचं सगळं उत्तम आहे. भंगारात आलेली प्रत्येक गाडी मागूनच ठोकलेली असते. समोरून ठोकणाऱ्या गाड्या कुठे जातात हा संशोधनाचा विषय आहे. असा गिअरबॉक्स जसाच्या तसा बसवणं ही सोडत आहे. पण तो खोलून, त्यातलं रबर-कागद बदलून, लोखंड तपासून बसवला, तर माझी काही हरकत नाही, कारण मग तो भंगारातला राहतच नाही.

एवढं होऊन काम संपतं तेव्हा आपलं गिऱ्हाईक बजावतं, ‘जुने पार्ट परत द्या.’ हा फसवणुकीवरचा अक्सीर इलाज मानला जातो. पिशवीतून तुटलेली सन शेलची वाटी आणि काळ्याठिक्कर प्लेटा घरी येतात, सोसायटीत दाखवल्या जातात, आणि वाटी पुढे काही वर्षं गॅलरीत कुंडीखाली निघते. कडक झालेली सिलं, झिजलेली बुशं कोणी मागत नाही. त्यांना पाहून कोणी हळहळणार नाही. बिलातही तसंच: वाटी एका ओळीत, प्लेटा एका ओळीत, सोलेनॉइड नंबरासकट, आणि बाकी सगळा प्राण ‘किट, १ नग’ या तीन शब्दांत. त्या एका ओळीखाली सील कोणत्या कंपनीचं, बुशं बदलली की जुनीच, ऑइल कुठल्या प्रतीचं, कन्व्हर्टर कापून पाहिला की नुसता पुसला, कूलर धुतला का, एवढं लिहून द्या असं एखाद्याने म्हणून पाहावं. मिस्त्री नाही म्हणणार नाही. तो बिलबुक उलटंसुलटं करून बघेल आणि म्हणेल, ‘साहेब, यात तेवढ्या ओळीच नाहीत.’